वाचक विचारतात : सायकल खोक्यात भरून परदेशी शर्यतीला जाताना

३.८ किलोमीटर पोहणे, मग १८० किलोमीटर सायकल, मग ४२.२ किलोमीटर धावणे. हे सगळे एकाच दिवसात आणि परक्या देशात. अशा पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनसाठी (तिचे गाजलेले नाव आयर्नमॅन) बाहेर जाण्याबद्दल कोल्हापूर आणि आसपासच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. सरावाचे तक्ते मागणारी पत्रे बाजूला ठेवली आहेत. तक्ता माणूस बघून द्यायचा असतो आणि ते काम प्रशिक्षकाचे. तारीख, व्हिसा, खोके, पाणी आणि पोट या गोष्टींत मात्र तयारीचे गडीही अडकतात, म्हणून भर त्यांच्यावर दिला आहे.

प्रश्न : पुढच्या वर्षी पहिली पूर्ण आयर्नमॅन बाहेर जाऊन करायची आहे. कुणी कोपनहेगन म्हणतं, कुणी रोथ, कुणी लंकावी. आमच्यासारख्यानं कुठली धरावी? (एक वाचक, राजारामपुरी)

नाव बघून धरू नका, पाऊस बघून धरा. शर्यतीआधी साधारण बाराव्या आठवड्यापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळ्यात लांब सराव होतात. पाच-सहा तासांची सायकल आणि अडीच तासांचे धावणे याच काळात येते. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव उतरता असतो. आता जर्मनीतल्या रोथची शर्यत जुलैच्या सुरुवातीला असते, कोपनहेगन आणि स्वीडनमधील काल्मार ऑगस्टमध्ये. म्हणजे तुमच्या शेवटच्या लांब सायकली जूनमध्ये नाहीतर जुलैत येणार, जेव्हा राजाराम बंधारा पाण्याखाली असतो आणि गगनबावड्याकडे रस्ता दिसत नाही. खोलीत ट्रेनरवर (सायकल जागेवर अडकवून पेडल मारायचा सांगाडा) बसून पाच तास पेडल मारता येतात. पण वारा, वळण, बसण्याची सवय आणि सायकलवर खाण्याची सवय ट्रेनरवर अर्धीच होते.

म्हणून कोल्हापूरच्या माणसाला दोन खिडक्या सोयीच्या. पहिली खिडकी जूनची सुरुवात, उदाहरणार्थ जर्मनीतले हॅम्बुर्ग. लांब सराव मार्च ते मे या काळात, रस्ते कोरडे आणि पहाटे पाचला निघाले की दहाच्या आत घरी. दुसरी नोव्हेंबर-डिसेंबरची, म्हणजे मलेशियातील लंकावी किंवा पश्चिम ऑस्ट्रेलियातील बसेल्टन. इथे लांब सराव सप्टेंबरपासून पुढे येतो. पाऊस ओसरलेला असतो, पण गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय सायकल बाहेर काढू नका. ट्रॅफिकपेक्षा ही ट्रॉलीच जास्त धोक्याची.

आता मार्ग. हॅम्बुर्गचा सायकलमार्ग सपाट, पोहणे शहरातल्या आल्स्टर तलावात, पाणी गार. बसेल्टनही सपाट, पण वारा सोसावा लागतो. तिथे समुद्रात शिरलेल्या १,८४१ मीटर लांबीच्या लाकडी धक्क्याला वळसा घालून पोहतात, त्यामुळे दिशा चुकणे कठीण. लंकावीत पाणी कोमट, चढ भरपूर आणि दमट उकाडा असा की धावताना घाम वाळतच नाही. आपला मे महिना तापतो खरा, पण त्या मानाने कोरडा असतो. मे सहन झाला म्हणजे लंकावी सहन होईल असे गणित मांडू नका. गार पाण्याला घाबरणाऱ्याने लंकावी धरावी, उन्हात गळून जाणाऱ्याने बसेल्टन. दोन्हींचा फारसा त्रास नसेल, तर खर्च आणि व्हिसा बघून ठरवा.

प्रश्न : अजून अर्धीही केलेली नाही. थेट पूर्ण करायला हरकत आहे का? (एक वाचक, कागल)

हरकत नाही, पण शहाणपण नाही. १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची आयर्नमॅन ७०.३ शर्यत २०१९ पासून गोव्यात मिरामारला होते. कागलहून सायकल गाडीत टाकून आंबोलीमार्गे अर्ध्या दिवसात पोहोचता. विमान नाही, खोके नाही, व्हिसा नाही. ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका खेळातून दुसऱ्यात जाताना कपडे-शूज बदलण्याच्या पिशव्या, वेळ मोजणारी पायातली चिप, आदल्या दिवशी सायकल जमा करणे, समुद्रात शेकडो लोकांसोबत उडी मारणे, हे सगळे तिथे घरच्या खर्चात शिकता येते. ते शिकायला जर्मनीला जाऊ नका.

प्रश्न : कट-ऑफ १७ तासांचा म्हणतात. मग एवढी घाई कशाला? सावकाश गेलं तरी होईल की. (एक वाचक, शिवाजी पेठ)

१७ तास हा शेवटचा आकडा झाला. त्याआधी दोन दरवाजे आहेत आणि बहुतेक जण दुसऱ्या दरवाजात अडकतात. नेहमीची मर्यादा अशी : पोहणे २ तास २० मिनिटांत, सायकल शर्यतीच्या सुरुवातीपासून १० तास ३० मिनिटांत, धावणे १७ तासांत. काही शर्यतींत एकूण वेळ १६ तास किंवा त्याहूनही कमी असतो आणि सायकलच्या वाटेवर मधले कट-ऑफही असतात. आपल्या शर्यतीची माहितीपुस्तिका उघडून हे आकडे कागदावर उतरवून घ्या.

पोहण्यात १०० मीटरला ३ मिनिटे ४१ सेकंद मिळतात. वाटते भरपूर. पण उघड्या पाण्यात माणूस सरळ पोहत नाही. ३.८ चे सहज ४ किलोमीटर होतात. तरणतलावात तुमचा वेग १०० मीटरला ३ मिनिटांच्या आत असेल तरच निश्चिंत राहा. समजा पोहणे २ तास १५ मिनिटांत संपले आणि ट्रान्झिशनमध्ये १० मिनिटे गेली. सायकलला उरले ८ तास ५ मिनिटे, म्हणजे ताशी २२.३ किलोमीटर. त्यात दोनदा लघवी, एक पंक्चर, उलटा वारा. तेच पोहणे १ तास ५० मिनिटांत झाले असते तर २१.२ चा वेग चालला असता. ताशी एका किलोमीटरचा हा फरक शेवटच्या ५० किलोमीटरला जिवावर येतो.

धावण्यात मात्र उलट आहे. सायकल अगदी शेवटच्या मिनिटाला संपवून १० मिनिटांत कपडे बदलले, तरी ६ तास २० मिनिटे हातात असतात. म्हणजे किलोमीटरला ९ मिनिटे. पळणे आणि झपाझप चालणे मिसळून हे जमते. म्हणून सावकाश जायचे असेल तर धावताना जा, सायकलवर नाही. आणि सायकलवर वेग म्हणजे जोर नव्हे. सुरुवातीच्या ४० किलोमीटरला दम लागत असेल तर तुम्ही चुकीच्या वेगात आहात.

प्रश्न : माझी शेती आहे, पगारपत्रक नाही. युरोपचा व्हिसा मिळेल का? कधी अर्ज करावा? (एक वाचक, शिरोळ तालुका)

मिळतो. अधिकाऱ्याला दोन गोष्टी पटाव्या लागतात : खर्च तुम्ही स्वतः करू शकता आणि शर्यत झाली की परत येणार आहात. पगारपत्रकाऐवजी सातबारा आणि आठ-अ, कारखान्याकडून आलेली ऊसबिले, ती जमा झालेल्या बँक खात्याचा सहा महिन्यांचा उतारा आणि गेल्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे द्या. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्र भरलेले असणे उपयोगी पडते. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर करून जोडा. दुकानदाराने गुमास्ता परवाना आणि जीएसटीचे कागद लावावेत, नोकरदाराने रजेचे पत्र. अर्जाच्या आठवडाभर आधी पाहुण्यांकडून चार लाख खात्यात वळवून शिल्लक फुगवू नका. अशी अचानक आलेली रक्कम मदत करण्याऐवजी संशय वाढवते.

शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी व्हावा लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, क्वचित ४५. खरी अडचण निर्णयाची नसून वेळ मिळण्याची असते. एप्रिल-मेमध्ये सुट्टीवर निघालेल्या कुटुंबांची केंद्रांवर झुंबड असते. जूनच्या शर्यतीसाठी फेब्रुवारीतच तारीख पकडा. बोटांचे ठसे आणि फोटोसाठी पुण्याला किंवा मुंबईला जावे लागते. कोणत्या देशाचे केंद्र कुठे आहे ते आधी बघा. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर तेच वापरले जाऊ शकतात. २०२४ च्या जूनपासून मोठ्या माणसासाठी शुल्क ९० युरो आहे, केंद्राचा सेवाआकार वेगळा. ज्या देशात जास्त दिवस राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. शर्यत जर्मनीत आणि नंतर पाच दिवस पॅरिस असा बेत असेल तर रात्री मोजा.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा. तो घेताना 'स्पर्धात्मक खेळ वगळून' असे कलम आहे का ते वाचा. बहुतेक स्वस्त पॉलिसींत असते. व्हिसाला ती चालते, पण सायकलवरून पडून खांद्याचे हाड मोडले तर उपयोगाची नाही. इटलीसारख्या ठिकाणी आयोजक वैद्यकीय दाखलाही मागतात, तोही ठराविक नमुन्यात. जाण्याआधी डॉक्टरांकडून सही-शिक्क्यासह घ्या.

लंकावीला जाणाऱ्यांचे काम सोपे आहे. १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसातून सूट दिली आहे. फक्त पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन आगमनपत्र भरावे लागते. अशा सवलती मुदतीच्या असतात, म्हणून तिकीट काढताना पुन्हा तपासा.

प्रश्न : सायकल खोक्यात भरायची भीती वाटते. दुकानदार म्हणतो मी भरून देतो, पण तिकडं उघडून जोडणार कोण? क्रम सांगाल का? डिस्क ब्रेकची सायकल आहे. (एक वाचिका, ताराबाई पार्क)

ताई, प्रश्न बरोबर जागी आला आहे. दुकानदाराला भरू द्या, पण तुम्ही शेजारी बसा. नंतर घरी दोनदा स्वतः खोला आणि जोडा, तेही फक्त बरोबर नेणार आहात तेवढ्याच हत्यारांनी. कमी पडणारा पाना घरीच कळतो.

आधी सायकलचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, वायरी आणि केबल कुठून जातात तेही. मागची चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा. मग पेडल. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात आणि इथेच बहुतेकांची झटापट होते. सोपी खूण अशी की पाना वरच्या बाजूने धरून दोन्ही पेडल सायकलच्या मागच्या चाकाच्या दिशेने फिरवली की सुटतात. १५ मिलिमीटरचा पाना किंवा ८ ची ॲलन की लागते, काही पेडलना ६ ची. पुन्हा बसवताना आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर परतताना ती सुटणार नाहीत.

चाके काढली की लगेच ब्रेकच्या दोन पॅडमध्ये प्लास्टिकचा तुकडा सरकवा. जाड पुठ्ठ्याची घडीही चालते. हा तुकडा विसरला आणि खोक्यात लिव्हर दाबला गेला, तर पिस्टन बाहेर येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि परक्या गावी चाक आत जातच नाही. चाकाच्या डिस्क काढून पुठ्ठ्यात स्वतंत्र ठेवल्या तर उत्तम. पाच मिनिटांचे काम आहे, पण डिस्क वाकली तर १८० किलोमीटर 'सर्र सर्र' ऐकावे लागते. चाकांतून काढलेले आडवे दांडे म्हणजे अ‍ॅक्सल पुन्हा फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यात) फिरवून ठेवा. वजन पडले तरी फ्रेमची टोके आत दबत नाहीत आणि अ‍ॅक्सल हरवतही नाहीत.

मागचा डिरेलर (चेन चक्रांवर सरकवणारा भाग) ५ च्या ॲलन कीने हँगरवरून (तो ज्यावर टांगतो त्या फ्रेमच्या पट्टीवरून) सोडवा, फुग्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि फ्रेमच्या आतल्या बाजूला पट्टीने बांधा. तो जागेवर ठेवून नेला तर खोके आदळताच हँगर वाकतो. मग गियर मधूनच उड्या मारतात आणि माणूस तासभर केबलचा स्क्रू फिरवत बसतो. दोष केबलचा नसतोच. आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर बरोबर ठेवा. प्रत्येक फ्रेमचा हँगर निराळा असतो, शर्यतीच्या ठिकाणी भरणाऱ्या दुकानांच्या मेळ्यात तो मिळत नाही.

सीटपोस्ट काढण्याआधी उंचीवर चिकटपट्टीची खूण करा. हँडल काढताना फक्त समोरचे चार स्क्रू सोडा. वरचे झाकण आणि स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) जागेवर राहू द्या. खोके अरुंद असल्याने फोर्कही काढावा लागला, तर रिंगांचा क्रम फोटोत ठेवा. जोडताना आधी वरचे झाकण हलके आवळून खेळ काढायचा, मग स्टेमचे बाजूचे स्क्रू आवळायचे. हा क्रम उलटला तर ब्रेक लावल्यावर पुढून खटखट येते. कार्बनच्या भागांवर छापलेला आवळण्याचा आकडा पाळा. तो बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. त्यासाठी छोटा टॉर्क पाना विकत घ्या. 'हाताला कळतं' म्हणणाऱ्यांचे सीटपोस्ट चिरलेले असतात.

नळ्यांना फोमची आवरणे, स्क्रूंसाठी एकच पिशवी आणि ती फ्रेमलाच बांधलेली. टायरची हवा ३०-४० पीएसआयपर्यंत उतरवा. विमानात टायर फुटतो ही भीती मात्र खोटी. सामानाचा कप्पा दाब राखलेला असतो आणि बाहेर अगदी निर्वात असले तरी टायरवरचा फरक १५ पीएसआयपेक्षा जास्त वाढणार नाही. काउंटरवर वाद नको म्हणून हवा उतरवायची, एवढेच.

वजन घरी करा. सायकल ८-९ किलो, कडक खोके १०-१२ किलो. २३ किलोच्या मर्यादेत आणखी दोन किलो बसतात, जास्त नाही. एका नगाला ३२ किलोच्या वर तर घेतच नाहीत. सायकलसाठी जागा तिकिटासोबतच लेखी नोंदवा. इलेक्ट्रॉनिक गियरच्या सुट्या बॅटऱ्या, पॉवर बँक, बॅटरीवरचा छोटा पंप हे केबिनमध्ये. पाने, पक्कड केबिनमध्ये नकोत, सुरक्षा तपासणीत काढून घेतात. हवा भरायची सीओ-टू काडतुसे घरीच ठेवा, तिकडच्या मेळ्यात मिळतात. शूज, हेल्मेट, ट्रायसूट, गॉगल आणि पोटाला मानवलेली जेल (साखरेच्या घट्ट पाकाची पाकिटे) हातातल्या बॅगेत घ्या. खोके दोन दिवस उशिरा आले तर सायकल भाड्याने मिळेल, तुमच्या पायाचा शूज मिळणार नाही. खोल रिमची चाके असतील तर ६० ते ८० मिलिमीटर व्हॉल्व्हच्या निदान तीन ट्यूब न्या.

प्रश्न : कोल्हापूरहून खोके घेऊन मुंबईपर्यंत कसं जावं? उजळाईवाडीहून विमान सोपं पडेल का? (एक वाचक, उचगाव)

आपल्याकडून उडणारी विमाने लहान असतात. सायकलचे खोके त्यांच्या दरवाजातून जाईल की नाही हे विमान कंपनीकडून लेखी आल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. महालक्ष्मी एक्स्प्रेसने जायचे तर खोके पार्सल डब्यात नोंदवावे लागते आणि ते त्याच गाडीत चढले का, ही चिंता रात्रभर. आरामबसच्या डिकीत खोके आडवे टाकून त्यावर लोकांच्या बॅगा येतात. सगळ्यात बरे म्हणजे दोन-तीन जणांनी मिळून मोठी गाडी करणे. सात-आठ तासांच्या वाटेला आणखी चार तास धरा. खंबाटकी किंवा खंडाळ्याला एक ट्रक आडवा झाला की सगळे वेळापत्रक कोलमडते. मोपा विमानतळ जवळ आहे हे खरे, पण तिथून परदेशी उड्डाणे मोजकी. बहुधा मुंबई किंवा दिल्लीत विमान बदलावे लागते, म्हणजे खोक्याची एक जादा आदळआपट.

मुंबईला सामान जमा करण्याआधी कस्टमच्या कक्षात जाऊन सायकलीचे एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. पेडलच्या खालच्या बाजूला फ्रेमवर असलेला क्रमांक आणि खरेदीची पावती लागते. परत येताना 'ही महागडी सायकल बाहेरून आणली का' या प्रश्नाला तो कागदच उत्तर देतो.

प्रश्न : रोज रंकाळ्यावर सकाळी पोहतो. अंतर होतं. पण गार पाण्याची आणि वेटसूटची (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी सूटची) सवय इथं कशी करायची? (एक वाचक, मंगळवार पेठ)

गार पाण्यात पहिली दोन-तीन मिनिटे वाईट. अंगाला गारठा बसताच श्वास आपोआप आत ओढला जातो आणि धापा लागतात. ही भीती नव्हे, शरीराची प्रतिक्रिया आहे, आणि वारंवार अनुभव घेतला की ती कमी होते. घरी मोठ्या टबात बर्फ टाकून दोन-तीन मिनिटे मानेपर्यंत बसा, चेहरा बुडवून पाण्यात श्वास सोडा. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत सहा-सात वेळा करा. हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको आणि घरात दुसरे कुणी असल्याशिवाय तर मुळीच नको. शर्यतीच्या सकाळी सुरुवातीआधी पाण्यात उतरू देत असतील तर उतरा. नसतील तर बाटलीतले गार पाणी चेहऱ्यावर आणि मानेवरून सूटमध्ये ओता.

वेटसूट घालून कोल्हापूरच्या तरणतलावात १५-२० मिनिटांपेक्षा जास्त पोहू नका, आत उकडून जीव घाबरा होतो. तेवढा वेळ पुरेसाही आहे. पहिल्यांदा घातला की छाती आवळल्यासारखी वाटते. बहुतेक वेळा सूट लहान नसतो, तो पुरता वर ओढलेला नसतो. पायात प्लास्टिकची पिशवी घालून सूट सरकवा, जांघेत फट राहू देऊ नका, मग पोट, मग खांदे असा इंचाइंचाने वर घ्या. खांद्यावर ढिलाई आली की छाती मोकळी होते. नखांनी ओढला तर रबर फाटते, हातात सुती मोजे घाला. मानेला घासू नये म्हणून वंगण लावतात. ते पेट्रोलियम जेलीचे नको, सूट बनवणारे मना करतात.

आयर्नमॅनच्या नियमाप्रमाणे पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर वेटसूट चालतो, जाडी ५ मिलिमीटरच्या आत. हॅम्बुर्गला तो लागेल, लंकावीला नाही. ज्यांचे पाय पोहताना बुडतात त्यांना वेटसूटचा मोठा आधार मिळतो, कारण तो कंबर आणि पाय वर उचलून धरतो.

रंकाळ्यावर एकट्याने पोहू नका. कमरेला भडक रंगाचा हवेचा फुगा बांधा, जलपर्णीजवळून जाऊ नका. आठ-दहा हातांनंतर डोळे पाण्याच्या जरा वर काढून समोरची खूण बघण्याची सवय करा. डोके पूर्ण वर काढलेत की कंबर खाली जाते. आणि पावसाळ्यात पंचगंगेत उतरून धाडस दाखवू नका, त्याचा या शर्यतीशी संबंध नाही.

प्रश्न : आम्ही जैन. कांदा-लसूण, कंदमुळं नाही, आणि घरी चौविहार (सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य) पाळतात. शर्यतीत आणि तिकडं खायचं काय? (एक वाचिका, जयसिंगपूर)

शर्यतीतले खाणे तुमच्यासाठी सोपेच आहे. मदतकेंद्रांवर पाणी, क्षारांचे पेय, जेल, केळी आणि कोला मिळते. जेल बहुतेक साखरेच्याच असतात. चघळायच्या गोळ्यांत मात्र जिलेटिन असू शकते, वेष्टन वाचा. धावण्याच्या वाटेवर रात्री गरम सूप देतात ते मांसाचे असू शकते, टाळा.

चौविहाराबद्दल एक गोष्ट फारशी कुणी लक्षात घेत नाही. जूनच्या सुरुवातीला हॅम्बुर्गला सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेसहाला सुरुवात धरली तर दिवसाउजेडी १५ तास मिळतात. लंकावीत संध्याकाळी सातच्या सुमारास अंधार. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घ्यायचे नसेल तर लंकावी तुमच्यासाठी नाही. तिथल्या उकाड्यात पाण्याविना धावणे जिवाशी खेळ आहे.

राहायला स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तांदूळ सगळीकडे मिळतो. आदल्या दिवशी भात आणि पातळ वरण, तेही दुपारीच पोटभर. रात्री हलके. चोथा आणि डाळींचे प्रमाण शेवटचे दोन दिवस कमी करा, म्हणजे सायकलवर पोट डबडब करणार नाही.

प्रश्न : जेल परवडत नाहीत आणि मळमळतं. आपला गूळ, लाडू, पेढे नेले तर? (एक वाचक, कसबा बावडा)

गूळ चालतो. गूळ म्हणजे मुख्यतः ऊससाखर आणि तिच्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज निम्मे-निम्मे. आतड्यात दोन्हींची वाट वेगळी असल्याने मिश्रण जास्त पचते. सायकलवर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके घ्यायची असतात. सात तासांना ७० ग्रॅमने धरले तर ४९० ग्रॅम. एका जेलमध्ये २०-२५ ग्रॅम असतात, म्हणजे वीसभर जेल. सगळे जेलवर नेण्याऐवजी निम्मे बाटलीतल्या पेयातून घ्या : पाणी, साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली कमी गोड पूड), लिंबू, मीठ. घाम जास्त येणाऱ्याने लिटरला ५०० ते १,००० मिलिग्रॅम सोडियम धरावे. अडीच ग्रॅम मीठात साधारण १,००० मिलिग्रॅम सोडियम असते. नुसते पाणी ढोसत राहिलात तर रक्तातले सोडियम उतरते. डोके जड होते, मळमळते, बोटे सुजून अंगठी घट्ट होते. लोक त्याला पाण्याची कमतरता समजून आणखी पितात आणि प्रकरण बिघडते. मळमळीचे नेहमीचे कारण मात्र जेलसोबत पाणी न घेणे किंवा वेग झेपण्यापलीकडचा असणे. सरावात दर रविवारी हाच आहार घ्या. आतड्यालाही सराव लागतो.

पेढे आणि तुपाचे लाडू युरोपात नेऊ नका. बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे. ऑस्ट्रेलियात तर खाण्याची प्रत्येक वस्तू अर्जावर जाहीर करावी लागते, गूळसुद्धा. लपवलेली सापडली तर दंड जबर. तिथे टायरला, शूजच्या तळव्याला आणि पेडलच्या खाचेत चिकटलेली मातीही चालत नाही. आपली लाल-काळी माती घासून, धुऊन, वाळवूनच खोके भरा, आणि सायकल आणली आहे हे स्वतःहून सांगा. शेवटच्या तीन दिवसांत तांबडा रस्सा, लोणचे, ठेचा बंद. तिकडे महाराष्ट्र मंडळाचे आमंत्रण आले तरी शर्यत झाल्यावर जा.

प्रश्न : आम्ही रविवारी दहा-बारा जण ओळीनं कराडपर्यंत जातो. शर्यतीत एकमेकांच्या मागं चालेल ना? (एक वाचक, इचलकरंजी)

चालणार नाही. आपल्या आणि पुढच्या सायकलच्या पुढच्या चाकांत १२ मीटर अंतर हवे. त्या पट्ट्यात शिरलात तर २५ सेकंदांत ओलांडून जा. नाहीतर ड्राफ्टिंगचा, म्हणजे पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवण्याचा दंड, ५ मिनिटे तंबूत उभे राहणे. ओलांडलेल्याने मागे सरकायचे असते. मदतकेंद्राबाहेर वेष्टन फेकले, हेल्मेटचा पट्टा लावण्याआधी सायकलला हात लावला, कानात संगीत लावले, तर त्याचेही दंड आहेत. कराडच्या फेरीत महिन्यातून दोनदा तरी एकटे, एअरोबारवर (हँडलच्या पुढे काढलेल्या दांड्यांवर) वाकून, १२ मीटर मागे राहून जा. ओळीत ३२ च्या वेगाने जाणारा एकट्याने २७ वर येतो. तो आकडा शर्यतीआधी कळलेला बरा.

प्रश्न : पोहोचावं कधी? वेदनाशामक गोळी बरोबर ठेवावी का? (एक वाचक, गडहिंग्लज)

रविवारच्या शर्यतीला बुधवारपर्यंत पोहोचा. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, शरीर दोन-तीन दिवसांत जुळते. गुरुवारी सायकल जोडून तासभर चालवा, म्हणजे बिघडले तर दुकान उघडे सापडते. शुक्रवारी नावनोंदणी, त्याला पासपोर्ट लागतो आणि शर्यतीच्या सकाळी ती होत नाही. शनिवारी सायकल आणि पिशव्या जमा. टायरची हवा रविवारी पहाटे भरा.

आयबुप्रोफेनसारखी गोळी शर्यतीत घेऊ नका. घाम गेलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते आणि सोडियमचा घोळ वाढवते. सर्दीच्या काही साध्या गोळ्यांतले स्यूडोएफेड्रिन ठराविक मर्यादेपलीकडे स्पर्धेत निषिद्ध आहे, तेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : परतताना खोक्यात फ्रेम चिरलेली निघाली तर? (एक वाचक, उजळाईवाडी)

विमानतळाच्या बाहेर पडू नका. खोके पट्ट्यावरून उचलताच तिथेच उघडा. नुकसान दिसले तर कंपनीच्या सामान काउंटरवर नोंद करून तिचा क्रमांक घ्या, फोटो काढा. घरी आल्यावर दिसले तर ७ दिवसांच्या आत लेखी तक्रार. खोके उशिरा मिळाले असेल तर ती मुदत २१ दिवसांची. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक) आहे, म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन लाख रुपये. सायकल त्याहून महाग असेल तर जाताना काउंटरवर जास्त किमतीची घोषणा करून जादा शुल्क भरता येते, किंवा सायकलीचा स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. जातानाचे खोके भरतानाचे फोटो आणि खरेदीची पावती दावा निकाली निघेपर्यंत जपून ठेवा.